धाकटीचं रविवारचं स्वप्न

ये गो, अशी जवळ सरक. दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? आणि तो फोन आधी पालथा ठेव. तुम्हा पोरींचं मला हेच आवडत नाय, माणूस समोर बसलेलं असतं आणि तुमचं बोट आपलं काचेवर. वाचणारी तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण मी लिहायला बसले तरी बोलल्यासारखंच लिहिते, तेव्हा तुला गो म्हणणार आणि चुकलीस तर रागावणार. आज रागवायचं कारण असं, की तूही तो व्हिडिओ पाहिला असशील. आमच्या घरच्या चहाचा. रोह्याच्या गोदामात आम्ही सगळे चटईवर बसलोय, मध्ये मोठं पातेलं वाफाळतंय आणि एक म्हातारी हात वर करून काहीतरी बोलतेय. मागे बासरी वाजते. खाली अक्षरं येतात, 'आमच्या आत्या आशीर्वाद देताना'. ती म्हातारी मी. पाहून अंगठा दिला असशील आणि गेली असशील पुढे. मी काय बोलत होते ते कुणालाच कसं विचारावंसं वाटलं नाही?

सांगते. पण मुळापासून सांगावं लागेल, नाहीतर तुला वाटेल म्हातारी घरच्यांची उणीदुणी काढतेय. काढतेच आहे म्हणा.

आमचं चहापत्तीचं दुकान पेणच्या बाजारात, वडलांपासूनचं. वडील आधी मिठागरावर पाट्या वाहायचे. पायाला मिठाने भेगा पडल्या तसे तिथून उठले आणि सायकलवर पत्तीच्या पुड्या विकू लागले. दाणेदार ममरी किती, भुकटीसारखी डस्ट किती, कोणत्या गावाला कसं मिश्रण लागतं, हे सगळं त्यांच्या नाकात होतं. मी भावंडांत सगळ्यात मोठी. लग्न झालं, नवरा लवकर गेला, परत माहेरी आले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत चाळणी घेऊन बसले, ती अजून तिथेच आहे. वाचायलाही तिथेच शिकले, पुड्यांच्या कागदांवरून. माझ्या पाठचा भाऊ आता दुकानाचा मालक. त्याची बायको, तिला मी थोरली म्हणते. सगळ्यात लहान भावाला रोह्याला दुसरं दुकान काढून दिलं होतं, खाली दुकान आणि गोदाम, वर एक खोली. त्याची बायको ती धाकटी. ही हकिकत तिची आहे, आणि त्या वरच्या खोलीची.

धाकटी माहेरची कासू गावची. खाडीकडची, खारवट जमिनीतली. दिसायला बेताची, पण हसायला लागली की समोरच्याला कारण न कळता हसू यायचं. माझा लहान भाऊ वडखळच्या नाक्यावर ट्रेलरखाली गेला तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. मूल नव्हतं. तेराव्याला सगळे पाहुणे जेवून उठले आणि माझा मालक भाऊ हात पुसत म्हणाला, "ती राहील वरच्या खोलीत. तिला कोण काढतंय?"

मला तेव्हा बरं वाटलं. पण विचार कर, काढायचं कुणी म्हटलंच नव्हतं.

धाकटी रोह्याच्या दुकानात बसू लागली. सुरुवातीला पत्ती तोलता तोलता रडायची. पत्तीत पाणी पडू नये म्हणून तोंड बाजूला करायची, इतकी धंद्याची. मग हळूहळू सावरली. कंपनीतून सुटलेली माणसं यायची. एखादा म्हणायचा, "काकी, कडक द्या." ही म्हणायची, "कडक घरी बायकोकडं. माझ्याकडं पत्ती मिळते." संध्याकाळी दुकान बंद करून वर जायची, मांदेली तळायची, आणि खिडकीत बसून ताटलीतच खायची. मी रोह्याला गेले की आम्ही दोघी खायचो. काटे खिडकीबाहेर, मांजरं खाली रांगेत. कुणाचं काय बिघडत होतं?

तेवढ्यात भाचा आला. थोरलीचा मुलगा. बोटीवर खानसामा होता. कुठल्याशा दूरच्या देशात त्याची बोट दुरुस्तीला अडकली, तेव्हा बोटीवरच्या एका सोबत्याने त्याला आपल्या सासुरवाडीला नेलं. ती सासुरवाडी ॲमेझॉनच्या रानात. तिथे हा पाहुणचार घेऊन आला आणि बरोबर पोतंभर पानं. ग्वायूसा म्हणतात त्या झाडाला. लांबट, चिवट पान, आपल्या चिकूच्या पानासारखं, वाळवलेलं. वास सुक्या पेंढ्याचा.

थोरलीने सवयीने आलं ठेचलं, गवती चहा घातला, साखर टाकली आणि वरून दूध ओतलं. रंग असा आला, जसं लादी पुसून फडका पिळावा. भाऊ एक घोट घेऊन म्हणाला, "ह्याच्यापरीस आपलं डस्ट बरं."

भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "दूध नाय घालायचं, बाबा! नुसतं उकळायचं. खूप वेळ."

मग नुसतं उकळलं. खोटं का बोलू, चांगला लागला. कडू नाही, तुरट नाही, मागून जिभेवर जरासा गोड. झोप उडते पण छाती धडधडत नाही. रोह्याच्या थर्ड शिफ्टवाल्यांना धाकटीनेच तो पहिल्यांदा पाजला. ते पुन्हा मागायला आले. बघता बघता सोबत्याच्या सासुरवाडीहून माल यायला लागला न्हावा-शेव्याच्या बंदरात, तिथून टेम्पोने रोह्याला. थोरलीने गोदामात पाकिटं सीलबंद करायचं मशीन बसवून घेतलं.

पण नुसती पानं विकून भाच्याचं समाधान नव्हतं. तिकडची रीत त्याने सांगितली, आणि ती रीत मला पानांपेक्षा जास्त आवडली होती. तिकडे म्हणे दिवस उगवायच्या आधी अख्खं घर उठतं. चुलीवर पातेलं चढतं. एकाच पातेल्यातला चहा सगळ्यांनी वाटून प्यायचा आणि ज्याला जे स्वप्न पडलं ते सांगायचं. सगळ्यात म्हातारी बाई स्वप्नाचा अर्थ लावते. ती म्हणेल तसा दिवस घालवायचा. ती म्हणाली आज नदीवर नको, तर नदीवर कुणी जात नाही.

"तुझ्यासारखी बाई, आत्या," भाचा मला म्हणाला.

थोरली पापड भाजत होती. म्हणाली, "हिच्या शब्दावर दिवस घालवायचा तर चूलच पेटायची नाय."

भाच्याने ठरवलं, हीच रीत विकायची. पाकिटावर छापलं, 'एका पातेल्यातला चहा, घरातल्या सगळ्यांसाठी'. आणि दर रविवारी पहाटे आम्ही सगळ्यांनी रोह्याच्या गोदामात जमायचं, पातेल्याभोवती बसायचं, चहा प्यायचा, स्वप्नं सांगायची, आणि ते सगळं फोनवरून गिऱ्हाइकांना दाखवायचं. तीही आपापल्या घरी तोच चहा उकळून बसणार. अर्थ लावायला मात्र म्हातारी बाई नको, भाऊ पाहिजे. दुकानाचा मालक तो.

पहिले काही रविवार मजेत गेले. भावाच्या स्वप्नात त्याचे शाळामास्तर आले आणि त्यांनी त्याला पुन्हा नापास केलं. थोरलीच्या स्वप्नात सोन्याच्या बांगड्या. "मनगटात मावेनात," ती म्हणाली, तर भाऊ म्हणाला, "अर्थ सोपा हाय. कमी खा." फोनवर बघणारे हसले. मग पाळी धाकटीची आली.

ती म्हणाली, "हे आले होते. खाली जिन्याशी उभे. ओलेचिंब. मला म्हणाले, पंचा दे गो. मी पंचा शोधत राहिले, सगळी खोली उपसली, मला मिळेचना." आणि तिथेच पातेल्यापुढे ती कोसळली. मी तिला धरलं. भाचा फोनकडे बघत होता, आणि हळूच म्हणाला, "बघणारे किती वाढले बघा."

त्या दिवशी पाकिटं संपली. दुसऱ्या दिवशी लोकांनी लिहिलं, त्या वहिनींना सांभाळा, आमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणखी कुठे मिळतो हा चहा.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला काय नाव देऊ? पुढच्या रविवारी गोदामाच्या दाराशीच थोरलीने तिला अडवलं. "काय गो, आला का?" दूधवाला आला का विचारावं, तशी.

धाकटीला आधी कळलंच नाही. "कोण?"

"कोण म्हणजे? तुझा नवरा! लोकं वाट बघत बसलीत तकडं."

आला होता बिचारा त्या आठवड्यात. पुढच्यालाही आला. पण माणूस गेल्यावर किती दिवस हजेरी लावेल? एका रविवारी ती म्हणाली, काही पडलं नाही स्वप्न. भाऊ फोनसमोर हसला, पण फोन बंद झाल्यावर म्हणाला, "त्याच्या खोलीत राहतेस, त्याच्या दुकानात बसतेस, आणि तो तुला दिसत पण नाय? डोळे मिटून झोपतेस का मेल्यासारखी?"

भाचा मऊ बोलणारा. त्याचं मऊपण मला जास्त बोचायचं. "काकी, मागच्या वेळी तू लवकर रडलीस. आधी सगळं सांगून घे, मग रड. आवाज नीट येत नाय." वर, "ती हिरवी साडी नको." मग, "टिकली काढ फक्त तेवढ्यापुरती." मग कुणा गिऱ्हाइकाने लिहिलं, 'ह्या बाईंना मी दुकानात खिदळताना पाहिलं, सगळं नाटक आहे'. झालं! त्या दिवसापासून दुकानात हसायलाही बंदी. थोरली ठणकावून म्हणाली, "गल्ल्यावर दात काढशील तर याद राख. तुझ्या दातांनी आमचा धंदा बुडेल."

थर्ड शिफ्टवाला एकजण माझ्यादेखत म्हणाला, "काकी, कडक द्या." आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. धाकटीने पत्ती तोलली, पुडी बांधली, समोर ठेवली. तो बिचारा वरमून गेला. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं.

मग मासे बंद केले. आता हे नीट ऐक, कारण यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त वाईट. चहाची पत्ती वास ओढते. पत्तीशेजारी सुकट ठेवलीस तर दुसऱ्या दिवशी चहाला सुकटीचा वास. वडलांनी आम्हाला हे लहानपणी शिकवलं. तेच भावाने पुढे केलं. वरच्या खोलीत मासळी शिजायची नाही, खाली माल आहे.

मी म्हटलं, "अरे, माल सीलबंद पाकिटात हाय. त्यात मांदेली शिरणार कुठून?"

"गिऱ्हाईक पाकीट फोडून आधी वास घेतं, आक्का. एकाने जरी लिहिलं ना, चहाला बोंबलाचा वास येतो, तर संपलो आपण."

"आणि पेणला? इथं थोरली रोज पत्तीच्या मागं भिंतीला लागून कोलंबी परतते ती?"

"इथं साधी पत्ती हाय. ती परदेशी."

कासूच्या बाईला मासळीविना ठेवलं. ती आमटीभात खायची. एका रविवारी व्हिडिओ झाल्यावर थोरलीने पेणहून आणलेला डबा उघडला, सुका जवळा आणि भाकरी. गोदामाच्या पायरीवर बसून खाल्ली. "बाहेर बसलेय हां मी," असंही म्हणाली. आणि डबा झाकता झाकता धाकटीला विचारलं, "झाली का गो आता आमटीभाताची सवय?"

मला कळायला लागलं होतं. माल वाढत होता. कार्टन गोदामात मावत नव्हते, जिन्यावर आले होते. भाऊ जिना चढताना वर बघायचा, खोलीच्या दाराकडे. खोली त्याच्या नावावर. पण तेराव्याला पाच माणसांदेखत म्हणाला होता ना, तिला कोण काढतंय. लोक म्हणतील काय, एवढीच त्याला अडचण.

एकदा मी रोह्याला राहिले होते. संध्याकाळी धाकटी पोळ्या लाटता लाटता थांबली. "आक्का, ते येत नाहीत गो आता. मी झोपताना हाका मारते. मनात म्हणते, या, रविवार आलाय. पण मला गाढ झोप लागते. सकाळी उठते तर बरं वाटतं मला. अंग हलकं. मी वाईट हाय का?"

मी म्हटलं, "झोप लागते हे चांगलं. वाईट कसली?"

"मग रविवारी काय सांगू? खोटं सांगवत नाय. त्या पंच्याचंच पुन्हा सांग म्हणतात. त्यांच्या नावानं खोटं कसं बोलू?"

मी तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि पोळी लाटू लागले.

त्या रविवारी पहाटे गोदामात आम्ही सगळे बसलो. पातेलं वाफाळत होतं. भाच्याने फोन तिवईवर लावला. बघणारी मंडळी आली, नमस्कार चमत्कार झाले. भावाने विचारलं, "सांग गो. काय दिसलं?"

धाकटी सरळ बसली. म्हणाली, "मी नदीवर होते. आपल्या कुंडलिकेवर. ऊन पडलं होतं छान. कपडे धूत होते. आणि मला कुणाची आठवण येत नव्हती. मी गाणं म्हणत होते."

एवढंच. रडली नाही. उलट सांगताना तिच्या गालात जरासं हसू आलं, कित्येक दिवसांनी.

थोरलीच्या हातातला कप खाली आदळला. भाचा भावाकडे बघायला लागला. आणि भाऊ... मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आधी राग आला त्याला. मग राग गेला आणि काहीतरी सुचल्यासारखं झालं. त्याने घसा साफ केला आणि फोनकडे बघून, अगदी गंभीर आवाजात सांगू लागला.

"नदी म्हणजे वाट. कपडे धुतले म्हणजे इथलं सगळं धुऊन टाकलं. आठवण येत नाय, म्हणजे तिचं इथलं ऋण फिटलं. माझ्या भावाने तिला मोकळी केली. आता तिचं मन माहेरी लागलंय. बोलत नाय ती, लाजते आम्हाला. पण पातेल्यापुढं सांगितलेलं स्वप्न मोडायचं नाय, ही त्या रानातल्या लोकांची रीत. आम्ही तिला अडवणार नाय. मानानं कासूला पोचवू."

धाकटी म्हणाली, "दादा, मी असं कुठं..." पण भाचा लगेच बोलायला लागला, मंडळी, केवढा भावुक क्षण. फोनवर बदाम उडत होते. लोक लिहीत होते, काय मोठ्या मनाचे दीर.

तेव्हा मी हात वर केला. म्हटलं, "थांबा! अर्थ मी सांगणार. त्या रानात म्हातारी बाई अर्थ सांगते, दुकानदार नाय. ह्या घरात सगळ्यात म्हातारी मी. ऐका सगळ्यांनी. नदीवर ऊन पडलं म्हणजे हिची बरी वेळ आली. कुंडलिका रोह्याची नदी, कासूची नव्हे. ही रोह्यातच राहील. त्याच खोलीत राहील, मासे तळून खाईल, गल्ल्यावर बसून हसेल. आणि जो हिला काढेल त्याच्या चहाला चव राहणार नाय. माझा शाप हाय!"

मी हात वर करून बोलत होते ते हे. तुला ऐकू आलं नाही, कारण मी तोंड उघडल्याबरोबर भाच्याने फोनला हात लावून आवाज बंद केला होता. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी आपली जीव तोडून बोलतेय, आणि तिकडे लोकांना नुसतं म्हातारीचं तोंड हलताना दिसतंय. नंतर त्यावर बासरी घातली. खाली अक्षरं घातली. लोकांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. त्यातले कार्टन वरच्या खोलीत चढवले. धाकटी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. ती भावाला म्हणाली, "दादा, खोली घ्या. मी दुकानात झोपेन. गल्ल्यामागं जागा हाय."

भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगो, एवढ्या लोकांपुढं बोलून झालंय. आता तू राहिलीस तर मी खोटा पडतो."

"मी सांगते लोकांना. माझ्याच तोंडानं सांगते."

"पुढच्या रविवारी तू नसशील ना," थोरली म्हणाली.

कार्टन उतरून टेम्पो रिकामा झाला, तर त्यातच तिची ट्रंक टाकली, गादी टाकली, तवा आणि पातेली टाकली. भाऊ ड्रायव्हरला म्हणाला, तसाही रिकामा परत कशाला जायचा, कासूवरनं जा. धाकटी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मी खिडकीला धरून उभी होते. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आक्का, मांजरांना काय तरी घालत जा." टेम्पो सुटला.

मी पेणला आल्यावर भाच्याला म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाक. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "आत्या, सगळ्यात जास्त तोच चाललाय." भावाकडे गेले. तो हिशेब करत होता. चष्मा काढून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आक्का, तुझी पण मागची खोली हाय ना इथं? मग कशाला उगाच डोकं तापवतेस?"

तेव्हापासून माझ्याशी कुणी जास्त बोलत नाही. जेवण वेळेवर येतं. थोरली ताट ठेवते आणि म्हणते, "घ्या आशीर्वादवाल्या बाई." मला रोह्याला नेत नाहीत. चाळणी तेवढी हातात ठेवलीय. गंमत म्हणजे माझा शाप काही लागला नाही हं. चहा उत्तम खपतोय. आता मुंबईच्या मॉलमध्ये सुद्धा जातो. चव तशीच आहे, मी चोरून पिऊन बघितला.

धाकटी कासूला भावाच्या पडवीत झोपते. भावजय वाईट नाही, पण तिच्याच घरात जागा नाही. धाकटी दुसऱ्यांच्या बांधावर माती टाकायला जाते. हात बघवत नाहीत. मासळी मिळते का म्हटलं, तर म्हणाली, मिळते, पण आता वास आला की आधी इकडे तिकडे बघते मी, कुणी बघतंय का.

रविवारी पहाटे मी पेणहून कासूला जाते. स्टेशनापासून तिच्या घरापर्यंत बांधावरून चालायचं, पायाखाली चिखल वाळून तडकलेला. गेल्या खेपेला पोचले तर ती पडवीत भावाचा फोन घेऊन बसलेली. रोह्याचं पातेलं चालू होतं. तिच्या जागेवर आता भाच्याची बायको बसते. नवी पोर, चुणचुणीत. पांढरी साडी नेसली होती. ती डोळे पुसत सांगत होती, "काका आले होते. जिन्याशी उभे, ओले. म्हणाले, पोरी, पंचा दे."

काका गेले तेव्हा ही ह्या घरात आलीसुद्धा नव्हती. तिने त्यांना बघितलेलं नाही.

मला वाटलं धाकटी चिडेल. फोन आपटेल. मी तर शिव्या द्यायच्या तयारीने बसलेच होते. पण तिने सगळं शेवटपर्यंत पाहिलं, भावाचा अर्थही ऐकला, फोन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आक्का, माझ्याकडं ते येतच नाहीत गो. आठवायला गेलं तरी तोंड दिसत नाय नीट. ते तकडं जातात का आता? रोह्याला? जिना त्यांच्या ओळखीचा म्हणून?"

मी म्हटलं, वेडी का काय, ती पोर खोटं बोलते.

"पण पंचा बरोबर सांगितला तिनं," ती म्हणाली. "ओले होते ते पण बरोबर."

"तूच सांगितलेलं ना ते!"

"व्हय," ती म्हणाली. पण तिला पटलं नव्हतं. ती अजून त्या काळ्या पडलेल्या फोनकडे बघत होती.

मी त्यानंतरही पुष्कळ बोलले तिच्याशी. मी बोलण्यात कधी कमी पडत नाही हे तुला आत्तापर्यंत कळलंच असेल. पण माझं ऐकून तिच्या तोंडावर काही हललं नाही. घरच्या माणसाच्या बोलण्याला आता तिच्याकडे किंमत नसेल, आणि का असावी? कुणी बाहेरचं, ओळखदेख नसलेलं, तिच्यासमोर बसून तिला सांगेल की तुझा नवरा तिकडे रोह्याला जात नाही गो, ती सगळी ढोंगं आहेत, तर कदाचित ऐकेल.

म्हणून म्हणते, तू ये. रविवारी सकाळीच ये, तेव्हा आमच्या घरची सगळी रोह्याला असतात, कुणी विचारणार नाही तू कोण ते. पेणला उतर, मी फलाटावरच असेन, निळ्या लुगड्यात. तिथून आपण दोघी पुढच्या गाडीने कासूला जाऊ. वाटेत मी बडबडेन, तुला कंटाळा येऊ देणार नाही. पण लांबणीवर टाकू नकोस, नाहीतर पाऊस लागला की तो बांध पाण्याखाली जातो आणि मग मला तिथवर चालवत नाही. लवकर ये गो.